घर आणि गाडीची शेड जोडताय? मधल्या पडवीतल्या या चुका टाळा

कोकणातल्या नव्या बंगल्यांचा आराखडा बहुतेक ठरलेला असतो. घर एका अंगाला, गाडीची शेड दहा-बारा फुटांवर, आणि पहिला पावसाळा सरला की घरातून फर्माईश येते: मधे एक छप्पर टाकून घ्या, गाडीतून सामान आत आणेपर्यंत सगळं भिजतं. फर्माईश रास्त आहे. पण काम चार पत्र्यांचं, म्हणून आर्किटेक्टला कुणी विचारत नाही. फॅब्रिकेटर येतो, टेप लावतो, पाइप वेल्ड करून पैसे घेऊन जातो. मग जूनमध्ये घराच्या आतल्या भिंतीला ओल दिसते आणि दोष गवंड्याच्या माथी जातो.

छप्पर घराच्या भिंतीत रोवणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. खांब वाचवायचे म्हणून पाइपची टोकं एकीकडे घराच्या आणि दुसरीकडे शेडच्या भिंतीत घुसवतात आणि फट सिमेंटने लिंपतात. घराचा पाया खोल, शेडचा उथळ. दोन्ही सारखे खचत नाहीत. देशावरच्या काळ्या मातीत तर उथळ पाया पावसात वर येतो आणि उन्हाळ्यात खाली बसतो. त्यात लोखंडाचं स्वतःचं वागणं वेगळं. पहाटेचा गारवा आणि दुपारचं ऊन यात पत्र्याखालच्या पाइपचं तापमान ४० अंशांनी बदललं, तर सहा मीटर लांबीत जवळजवळ ३ मिलिमीटरचा फरक पडतो. सिमेंटचा लपका एवढी ओढाताण सोसत नाही. मे महिन्यात केसाएवढी चीर पडते आणि पावसाळाभर पाणी तिथूनच आत झिरपतं.

पडवीला स्वतःचे चार खांब द्या. तिचं छप्पर घराच्या वळचणीखाली थोडं आत सरकवा, पण भिंतीला टेकू देऊ नका. इंचभर फट राहू द्या. फटीवर वाकवलेल्या पत्र्याची पट्टी बसवा आणि ती फक्त भिंतीच्या बाजूने पक्की करा. पत्र्याच्या बाजूला ती नुसती झाकून राहिली पाहिजे, म्हणजे दोन्ही बांधकामं आपापली हलतील. शेडच्या बाजूलाही हाच नियम.

छप्पर आधीच भिंतीत रोवलेलं असेल तर दरवर्षी वरून सिलिकॉन फासण्यात अर्थ नाही. प्लास्टरमध्ये आडवी खाच मारा, पट्टीची वरची कड खाचेत घाला आणि सीलंट फक्त त्या खाचेत भरा.

उतार घराकडे आणि पाणी दारात

शेड घरापेक्षा उंच असली की उतार आपोआप घराकडे येतो. दिसायलाही तो बरा दिसतो, आणि सगळं पाणी भिंतीच्या बुंध्याशी आणून सोडतो. उतार आडवा घ्या, म्हणजे घर आणि शेड दोघांनाही पाठ देऊन पाणी मोकळ्या बाजूला पडेल.

घराच्या वळचणीचं पाणी बहुतेक जण विसरतात. घराच्या छपराच्या ४० चौरस मीटरचं पाणी पडवीवर येत असेल आणि तासाला १०० मिलिमीटरची सर कोसळत असेल, तर तासाला ४,००० लिटर पाणी होतं. ५०० लिटरची टाकी साडेसात मिनिटांत भरेल. कौलांच्या पागोळ्या पत्र्यावर पडायला लागल्या की रात्री झोप लागत नाही, ते वेगळंच. म्हणून तेवढ्या लांबीपुरती घराच्या वळचणीला पन्हळ लावा आणि तिचा चार इंची पाइप थेट गटारात सोडा.

कौलंच हवीत असा आग्रह असेल तर उतार निदान २५ ते ३० अंश ठेवा. जेमतेम १० अंशांवर कौलं घातली तर वाऱ्याने पाणी उलटं चढतं. एवढा उतार द्यायला जागा नसेल तर सरळ पत्रा घाला.

छप्पर उंच आणि रुंदी बेताची

घराला शोभेल म्हणून छप्पर दहा फुटांवर नेतात आणि रुंदी ठेवतात पाच-सहा फूट. पावसाळ्यातला वारा नैऋत्येचा, झड तिरपी येते. ती ४५ अंशांत आली तर दहा फूट उंच छपराखाली दहा फूट आतपर्यंत भिजवते. म्हणजे सहा फुटी पडवीत कोरडी जागा उरतच नाही. कडेची उंची साडेसात फुटांवर आणा आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट वळचण बाहेर काढा. पश्चिमेच्या अंगाला चिऱ्याची कमरेएवढी भिंत आणि वर जाळी घातली तर आणखी चांगलं. पूर्वी पडवीला झडी, म्हणजे पाऊस अडवायचे आडोसे, बांधत, त्याचंच हे पक्कं रूप.

वजनाचा विचार होतो, उडण्याचा होत नाही

दोन इमारतींच्या मधल्या बोळात वारा कोंडला की त्याचा वेग वाढतो. बाजू उघड्या असलेल्या छपराला तो खालून ढकलतो आणि वरून ओढतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा पत्रे कसे उडाले, ते तिकडच्या लोकांना सांगायला नको. भारतीय मानक ८७५ (इमारतींवरचे भार ठरवणारं मानक) च्या तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर धरला आहे. पुण्याचाच आकडा घेतला तरी दाब चौरस मीटरला ९० किलोच्या आसपास येतो. पत्र्याचं वजन असतं पाचेक किलो. सगळा दाब वर ओढणारा नसतो, पण निम्मा धरला तरी पत्रा स्वतःच्या भाराने जागेवर राहील ही आशा सोडा.

प्रत्येक खांबाखाली निदान दीड फूट लांब, रुंद आणि खोल काँक्रीटचा ठोकळा हवा. त्याचं वजन साधारण २३० किलो भरतं. खांबाची बेस प्लेट, म्हणजे बुडाची लोखंडी प्लेट, त्यात आधीच ओतलेल्या बोल्टांवर बसवा. फरशीवर फास्टनर ठोकून उभा केलेला खांब वाऱ्यात फरशीसकट उचकटतो. ठोकळा जमिनीवर सहा इंच वर काढा. लोखंड फरशीच्या पातळीलाच सडतं, आणि किनाऱ्यावर फार लवकर. पत्र्याचे स्क्रू उंचवट्यावर मारायचे, खोलगट भागात नाही, आणि वॉशर रबराचेच. फॅब्रिकेटर घाईत खोलगट भागात मारून मोकळा होतो, तेव्हा त्या दिवशी घरी थांबा.

जमीन

घराचं जोतं दोन फूट उंच आणि शेड जमिनीलगत. मग अख्ख्या पडवीची फरशीच उतरती करतात. दहा फुटांत दोन फूट उतार म्हणजे पाचास एक. चाकाच्या खुर्चीसाठी बारास एक लागतो. ओल्या चपलांनी तिथे आजी हमखास घसरणार. फरशी खाली ठेवा, घराच्या दाराशी सहा-सहा इंचांच्या चार पायऱ्या घ्या आणि बाजूला कठडा द्या. आडवा उतार पन्नासास एक पुरतो. चकचकीत टाइल नको. खरबरीत शहाबादी किंवा रेघा मारलेला कोबा घाला, त्यावरचं शेवाळ तारेच्या ब्रशने निघतं.

आता परसदाराकडे बघा. मागच्या अंगणाचं पाणी बहुधा याच मोकळ्या पट्ट्यातून पुढे जात असतं. तिथे भराव घालून फरशी केली की बांध घातल्यासारखंच होतं, आणि परसदारी डबकं साचतं. भराव टाकण्याआधी खालून सहा इंची पाइप किंवा जाळीचं झाकण असलेलं गटार काढा.

दिवा, प्लग, परवानगी

दिव्याला दोन्ही टोकांना बटण हवं. पुढे कधी विजेची गाडी घ्यायची असेल तर चार्जिंगच्या प्लगसाठी जाडसर वायर आणि अर्थिंग आत्ताच पाइपमधून ओढून ठेवा. सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती नियमाने मोकळ्या सोडलेल्या जागेत, छप्पर टाकायला परवानगी लागते. नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आधी विचारा, शेजाऱ्याच्या तक्रारीनंतर नको.

दोन वर्षांनी सुचणारी स्लायडिंग खिडकी

पडवी छान झाली की ती बंद करून स्टोअर करायची कल्पना निघते. करू नका. ती उघडी आहे म्हणून शेडमधला गाडीचा धूर घरात येत नाही. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. बंद केलीत की वारा गेला, ओल आली आणि सरपणामागे विंचू.

गळतंय, पण कुठून?

थेंब पडतो त्याच्या वरच भोक असेल असं नाही. पाणी पाइपवरून वाहत चार फूट लांब जाऊन टपकतं. कोरड्या दिवशी एकाने नळी धरावी, दुसऱ्याने खाली उभं राहावं. सगळ्यात खालच्या कडेपासून सुरुवात करा, एका जागी दहा मिनिटं पाणी सोडा, मग हातभर वर सरका. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. बहुतेकदा दोष सापडतो तो भिंतीच्या पट्टीत किंवा जास्त आवळल्याने फाटलेल्या एखाद्या वॉशरमध्ये. वॉशर बदलायला पाच मिनिटं लागतात, फक्त पत्र्यावर पाय देताना खालच्या पाइपची रेघ बघून द्या.