ई-रीडर घेताय? सेल्युलरचं नंतर, आधी वायफायचं २.४ बघा

कव्हर, केबल, रंग, मेमरी यांवर वेळ घालवत नाही. नुसत्या कादंबऱ्या वाचायच्या तर ८ जीबी भरता भरत नाहीत. डोकं लावायचं ते सेल्युलर (आत सिम असलेलं, मोबाइल नेटवर्कवर चालणारं) की वायफाय या प्रश्नाला, आणि त्यासाठी आधी ठरवा की यंत्र वापरणार कोण आणि कुठे. स्वतःसाठी घेताय, घरी राउटर आहे? वायफायवालं घ्या, विषय संपला. गावाकडे आईबाबांना किंवा आत्याला द्यायचंय आणि तिथे ब्रॉडबँड नाही, तर पुढचं वाचा. माणूस सेल्युलरच्या नादी लागतो तो इथेच.

पहिली गोष्ट म्हणजे नव्या किंडलमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या ई-रीडरमध्ये, सेल्युलर आता मिळत नाही. २०१८चं पेपरव्हाइट आणि २०१९चं ओएसिस या किंडलांच्या ३२ जीबीवाल्या मॉडेलांत ते होतं; २०२१च्या पेपरव्हाइटमधून काढूनच टाकलं. म्हणजे सेल्युलर हवं तर जुना माल. आणि जुना माल विकणारा हमखास म्हणणार, ‘लाइफटाइम फ्री नेट आहे साहेब.’ त्याला एवढंच विचारा, थ्रीजी की फोरजी? ‘थ्रीजी’ म्हणाला की उठा. आतलं सिम आपल्याला बदलता येत नाही, रिचार्ज मारता येत नाही, आणि ज्या नेटवर्कवर ते चालायचं तेच गुंडाळलं गेलंय. जिओकडे थ्रीजी कधी नव्हतंच, २०१६ला सुरुवातच फोरजीने झाली. एअरटेलने २०१९ पासून आपलं थ्रीजी बंद करायला घेतलं. अमेरिकेतही २०२२मध्ये एटी अँड टीचं थ्रीजी बंद झालं, तेव्हा तिकडच्या भाच्याने ‘पडून होतं’ म्हणून आणलेल्या यंत्रावरही विसंबू नका. त्यातून ते पहिल्या किंवा दुसऱ्या पिढीचं असेल तर त्यात वायफायच नाही. आता उरली फक्त केबल, आणि विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून केबलने टाकायची सोय ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२५मध्ये काढून घेतली.

फोरजीवालं मिळालं तरी विकणाऱ्याला घरात बसून दाखवू देऊ नका. बाहेर रस्त्यावर घेऊन चला, त्याचं वायफाय पोचणार नाही इतकं लांब, आणि तिथे एक पुस्तक उतरवायला सांगा. उतरलं तर पैसे मोजा. जुन्या मालकाचं खातं तुमच्या समोर काढून घ्या. नंतर तो फोन उचलत नाही.

आता मुद्द्याचं. सेल्युलरची गरज खरी आहे का? आत्याकडे स्मार्टफोन आहे, त्यात रोजचा दीडदोन जीबी डेटा आहे, आणि साधं पुस्तक असतं दोनचार एमबीचं. फोनचा हॉटस्पॉट लावला की वायफायवालं यंत्र तेच काम करतं. पण वायफायचे मुख्य बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, दोन: २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ; हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर पाहिजे. परत सांगतो, २.४. बरीचशी जुनी किंडल ५ गिगाहर्ट्झ ओळखतच नाहीत. २०१८चं पेपरव्हाइटसुद्धा नाही. आणि हल्लीच्या बऱ्याच फोनचा हॉटस्पॉट मुळात ५वर लावलेला असतो. चूक झाली म्हणून यंत्र काही बोलत नाही. यादीत शेजाऱ्याचं वायफाय दिसतं, समोरच्या फोनचं नाव तेवढं दिसत नाही, आणि आपण फोन बंद-चालू करत बसतो. मागच्या वेळी नेमकं हेच बघायचं राहिलं होतं, आणि गावाला दिलेलं यंत्र रिकामंच पडून राहिलं.

म्हणून यंत्र द्यायच्या आधी त्यांचाच फोन हातात घ्या. तुमच्या फोनवर चालून उपयोग नाही. अँड्रॉइडमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘बँड’ असतो, तो २.४वर टाका. आयफोन बारा किंवा त्यापुढचा असेल तर ‘मॅक्सिमाइझ कॉम्पॅटिबिलिटी’ चालू करा, आणि जोडणी होईपर्यंत हॉटस्पॉटचं पान उघडं ठेवा, नाहीतर तो झोपी जातो. पासवर्ड सोपा आणि लहान लिपीतला ठेवा. ई-इंकच्या, म्हणजे या यंत्रांच्या कागदासारख्या संथ पडद्यावरच्या, कीबोर्डवर अक्षर दाबल्यावर क्षणभराने उमटतं, तेवढ्यात माणूस तेच अक्षर पुन्हा दाबतो आणि पासवर्ड चुकतो. एकदा जोडून झालं की यंत्र बंद करून, परत चालू करून, पुन्हा जोडून बघा. घरी राउटर असला तरी तपासणी तीच. दोन्ही बँडना एकच नाव असेल तर सहसा निभतं; नुसता ५ लावलेला असेल तर तिथेही २.४ चालू करून घ्या. नवं यंत्र घेतलंत तर बहुधा ही कटकट नाही, २०२१च्या पेपरव्हाइटला दोन्ही चालतात. तरी बघा.

२०१२ किंवा त्याआधीचं यंत्र असेल आणि २०१६चं अपडेट त्यात गेलेलं नसेल, तर ते ॲमेझॉनच्या पुस्तकांच्या स्टोअरला जोडलंच जात नाही. संगणकावरून केबलने अपडेट टाकावं लागतं. एवढा उपद्व्याप झेपत नसेल तर इतकं जुनं घेऊच नका. मराठी पुस्तकाचं एखादं नमुना-प्रकरण उघडून जोडाक्षरं नीट दिसतात ना, तेही बघा.

पुस्तकं भरताना नुसतं मुखपृष्ठ दिसलं म्हणजे पुस्तक यंत्रात आलं असं नाही. ‘डाउनलोडेड’चा फिल्टर लावा, प्रत्येक पुस्तक एकदा उघडा. स्वतःकडच्या ईपब (ई-पुस्तकांच्या) फाइली ॲमेझॉनच्या ‘सेंड टू किंडल’ सोयीने जातात; ईमेलने पाठवणार असाल तर तुमचा ईमेल परवानगीच्या यादीत टाकून ठेवा.

देताना अक्षर मोठं करून द्या. हॉटस्पॉट कसा लावायचा ते कागदावर मराठीत लिहून कव्हरच्या आत ठेवा, आणि फोन बदलला तर पुन्हा २.४ हेही त्यात लिहा. विमान मोड लावून ठेवला की चार्जिंग जास्त दिवस टिकतं, फक्त नवं पुस्तक पाठवलंत की तो काढायला फोन करून सांगावं लागेल.