खानावळीच्या वहीला हात लावण्याआधी

कोल्हापुरात एखाद्या खानावळीचं हिशेबाचं काम घेतलंत, तर आधी जायची वेळ नीट धरा. दुपारी साडेतीननंतर पंगत उठलेली असते, रात्रीचा रस्सा चुलीवर चढायचा असतो आणि मालक चहा घेत टेकलेले असतात. लॅपटॉप पिशवीतच राहू दे.

पहिली चौकशी गल्ल्याची. सकाळी सुट्टे किती ठेवतात आणि दिवसभरात त्यातून काय काय निघतं? दूध, कोथिंबीर, पोराची फी, आचाऱ्याची उचल, संध्याकाळी पिग्मीवाला. पिग्मी ही रोज थोडी थोडी भरायची बचत, पण ती खर्चात लिहिलेली मला कितीदा तरी सापडली आहे. उचलीची वही बहुधा वहिनींकडे असते. ती मागितल्याशिवाय पगाराचा मेळ बसत नाही. काउंटरवरचा क्यूआर कुणाच्या खात्याचा, हेही विचारा. एका ठिकाणी तो मुलाच्या बचत खात्याचा निघाला आणि मी तीन महिने विक्री कमी धरून बसलो होतो. विचारलंच नव्हतं, चूक माझीच.

मालक जीएसटीच्या कॉम्पोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या कर योजनेत असतील, तर विक्रीचे ५ टक्के त्यांच्या खिशातून जातात, गिऱ्हाइकाच्या बिलावर कर लावता येत नाही, आणि तिमाही संपली की पुढच्या १८ तारखेपर्यंत भरणा. नेहमीच्या पद्धतीत ५ टक्के बिलात येतात, पण तेला-मसाल्यावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. खरेदी करासकट खर्चात धरा. स्विगी-झोमॅटोचे पैसे कमिशन कापून येतात, म्हणून विक्री पूर्ण लिहा आणि कमिशन वेगळं. त्या ऑर्डरींवरचा जीएसटी १ जानेवारी २०२२ पासून ॲपवालेच भरतात, तो दुसऱ्यांदा भरू नका.

खरा पेच मटण ताटाचा. तांबडा-पांढरा वाटी रिकामी झाली की पुन्हा वाढायचा, त्याचं बिल नाही. मग ताट पडतं कितीला? मालकांचा अंदाज ऐकून घ्या, पण त्यावर विसंबू नका. एक दिवस सकाळीच जा. कच्चं मटण किती किलो आलं आणि त्यात किती ताटं निघाली ते स्वतः मोजा; खोबरं, तीळ, खसखस, गॅस त्या दिवसाच्या ताटांवर वाटा. कांदा-लसूण चटणी उन्हाळ्यात वर्षाची केली असेल, तर सगळी मिरची एप्रिलच्या खर्चात टाकून मोकळे होऊ नका. नाहीतर एप्रिल उगाच तोट्यात दिसतो आणि बाकीचे महिने उगाच खुशीत.

आणि आखाड. तेव्हा गल्ला फुगतो, श्रावणात ओसरतो. भाडं आणि पगार मात्र तेवढेच. श्रावणाचे हे दोन्ही पैसे आखाडातच वेगळ्या खात्यात काढायला सांगा. मालक ‘बघूया की’ म्हणतील. तिथंच बसा, चहा सांगा आणि समोर मोबाईलवरून रक्कम वळती करून घ्या.