भुईआवळीचा यकृतावरचा प्रयोग: उंदीर मागवण्याआधीची तयारी

प्रयोग असा: उंदरांना कार्बन टेट्राक्लोराइड हे यकृत बिघडवणारं विष द्यायचं आणि आधीपासून दिलेला भुईआवळीचा अर्क यकृत वाचवतो का ते बघायचं.

आधी परवानगी. संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी हातात नसेल तर पुढचं वाचूच नका.

भुईआवळी बाजारातून आणू नका, तिथे फिलँथसच्या (भुईआवळीच्या वनस्पती-कुळीच्या) दोन-तीन जाती एकाच पोत्यात निघतात. फुलाफळांसकट स्वतः उपटा आणि वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून नमुना क्रमांक घ्या. सावलीत वाळवणं, दळणं, अल्कोहोलमध्ये अर्क काढणं सगळ्यांना येतं. फक्त सगळा अर्क एकाच खेपेत काढा. 200 ग्रॅमचे सहा उंदीर, किलोला 400 मिलिग्रॅम, सात दिवस, म्हणजे 3.4 ग्रॅम. 200 मिलिग्रॅमच्या गटाला त्याच्या निम्मा. विष न देता नुसता अर्क द्यायचा गट असतो, त्याला पुन्हा 3.4. साडेआठ झाले, सांडलवंड धरून बारा ग्रॅम हवा. वजन स्थिर होईपर्यंत अल्कोहोल उडवा.

आता व्हेइकल, म्हणजे औषध ज्यात कालवून द्यायचं तो द्रव. अर्क पाण्यात नीट मिसळत नाही, मग कोणीतरी डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड हा द्रावक) सुचवतं. नको! कार्बन टेट्राक्लोराइडचं खरं विष यकृतातच तयार होतं: सायटोक्रोम 2ई1 हे एन्झाइम त्यातून ट्रायक्लोरोमिथाइल रॅडिकल बनवतं. डीएमएसओ नेमकं तेच एन्झाइम अडवतं. एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) झकास खाली येतो आणि श्रेय भुईआवळीला जातं. मागच्या वेळी हेच घडलं: अर्काच्या गटाला डीएमएसओ, टॉक्सिक गटाला (विष मिळतं, अर्क नाही) साधं पाणी. सगळे आकडे केराच्या टोपलीत.

म्हणून अर्क 0.5 टक्के सीएमसीत (कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजच्या पाण्यातल्या द्रावात) खला. तेच सीएमसी, तेवढेच मिलिलिटर, नॉर्मल गटाला (ना विष, ना अर्क). टॉक्सिक गटालाही. सिलिमरिनही (तुलनेसाठीचं यकृत-रक्षक औषध, किलोला 100 मिलिग्रॅम) त्यातच. टॉक्सिक गटाला व्हेइकल, हे पिंजऱ्याच्या चिठ्ठीवर लिहा.

सातव्या दिवशी, अर्कानंतर तासाभराने, कार्बन टेट्राक्लोराइड ऑलिव्ह तेलात 1:1, किलोला 1 मिलि मिश्रण, पोटात इंजेक्शनने. ज्यांना विष नाही त्यांना नुसतं ऑलिव्ह तेल. तेही व्हेइकलच आहे, विसरू नका. काचेची बाटली, काचेची सिरिंज; पॉलिस्टायरीन प्लास्टिक त्यात विरघळतं. काम फ्यूम हूडमध्येच (विषारी वाफा ओढून घेणारं कपाट).

चोवीस तासांनी रक्त. अर्धा तास गोठू द्या, मग सेंट्रिफ्यूज करून सीरम (वरचा पातळ द्रव) वेगळं करा. सीरम लालसर दिसलं तर एसजीओटीवर (एसजीपीटीसारखंच दुसरं एन्झाइम) भरवसा ठेवू नका, तांबड्या पेशींतूनही तो येतो. तपासणी त्याच दिवशी.

यकृत: दर वेळी तोच खंड, पाच मिलिमीटरहून पातळ काप, दहापट फॉर्मालिन. स्लाइडवर फक्त सांकेतिक क्रमांक, गट पॅथॉलॉजिस्टला कळू नये. ग्लुटाथायोन (पेशींना रॅडिकलपासून वाचवणारा पदार्थ) मोजायचा यकृताचा तुकडा लगेच बर्फावर.

आणि टॉक्सिक गटाची चिठ्ठी पुन्हा एकदा वाचा.