काउंटची वही कशी ठेवायची

धाकट्या भावाला अप्लास्टिक अॅनिमिया झाला. बोनमॅरोतल्या स्टेमसेल, म्हणजे मूळपेशीच संपत आलेल्या. रक्त बनणार कुठून? माझा एचएलए (पेशींवरची ओळखखूण, दाता यावरूनच ठरतो) जुळला. मी पाच दिवस स्टेमसेल रक्तात उतरवणारी इंजेक्शनं घेतली (कंबर अशी ठणकते की झोप नाही), मग मशीननं माझ्या रक्तातून स्टेमसेल वेगळ्या काढल्या आणि त्याला रक्तासारखी पिशवी लावली. शिरेतून गेलेल्या पेशी हाडांतली आपली जागा आपणच शोधतात. पिशवी लागते तो दिवस झीरो. वही तिथून सुरू करा.

रोजच्या सीबीसीतून, म्हणजे रक्तपेशी मोजणाऱ्या तपासणीतून, चारच आकडे उतरवा: पांढऱ्या पेशी, एएनसी (त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी किती), प्लेटलेट, हिमोग्लोबिन. रिपोर्टवर पांढऱ्या पेशी ०.९ दिसल्या तर आधी एकक बघा. बहुतेक वेळा ते हजारांत असतं, म्हणजे ९००. मी यावरून एक रात्र रडून काढली.

एएनसी छापलेला नसेल तर पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्क्यांनी गुणा. ९०० चे ४० टक्के, म्हणजे ३६०. हा आकडा सलग तीन दिवस ५०० किंवा वर राहिला, की डॉक्टर ‘एनग्राफ्ट झालं’ म्हणतात, म्हणजे नव्या पेशी रुजल्या. आमच्याकडे सोळाव्या दिवसापर्यंत वहीत नुसती भोपळ्यांची रांग होती.

पाचवा रकाना लाल पेनाचा: बाहेरून काय चढवलं. हा चुकवू नका. एके सकाळी प्लेटलेट ९,००० वरून ३१,००० झाल्या, आईनं देवापुढे साखर ठेवली; त्या आदल्या रात्रीच्या पिशवीतल्या होत्या. दोन दिवसांत पुन्हा खाली. चढवल्याशिवाय टिकतात त्याच आपल्या.

हिमोग्लोबिनची घाई करू नका. आधी न्यूट्रोफिल येतात, लाल पेशी मागाहून. आमच्यात त्या जास्तच रेंगाळल्या: माझा गट बी, त्याचा ओ, आणि त्याच्या रक्तातल्या जुन्या अँटीबॉडी माझ्या गटाच्या नव्या पेशींना टिकू देत नव्हत्या.

ताप १००.४ फॅरनहाइट झाला तर वहीत लिहीत बसू नका, आधी सिस्टरला हाक मारा.

वहीच्या पुठ्ठ्यावर दोघांचे रक्तगट आणि ट्रान्सप्लांटची तारीख लिहा. काही महिन्यांनी त्याचा गट बी झाला, पाकिटातलं कार्ड मात्र अजून ओ सांगतं. पुढे कधी रक्त लागलं तर ते कार्ड पुढे करू नका, ट्रान्सप्लांट युनिटला फोन लावा.