वाचनालयाचं एक खातं आणि घरातली पाच माणसं

सुरुवातीला आमच्या घरी वाचनालयाचं कार्ड एकच आणि त्यावरून होणारी भांडणं पुष्कळ. सासऱ्यांना ऐतिहासिक कादंबऱ्या हव्यात, सासूबाईंना मासिकं, नववीतल्या लेकाला भयकथा, धाकटीला चित्रांची पुस्तकं. मी आपली उरलंसुरलं वाचते. हे सगळं विकत आणायचं म्हटलं तर किराण्याला कात्री लावावी लागेल. शिवाय चारशे रुपयांची कादंबरी एकदा वाचून झाली की दिवाळीच्या साफसफाईलाच बाहेर येते. म्हणून आम्ही वाचनालय लावलं. सात-आठ वर्षांत जे जमलं आणि जे चुकलं त्यावरून सांगते.

पहिल्या दिवशी फॉर्म भरू नका, नुसतं जाऊन बसा. पाटीवर ‘शासनमान्य’ आणि अ, ब, क, ड यांपैकी एखादा वर्ग लिहिलेला असेल, तर ते १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेलं ग्रंथालय. तिथल्या मुक्तद्वार, म्हणजे सगळ्यांना खुल्या, विभागात वर्तमानपत्रं वाचायला बहुधा कुणी पैसे मागत नाही. अर्धा तास पेपर चाळा आणि मग हळूच कपाटांकडे वळा. तीन-चार पुस्तकं काढून शेवटच्या पानावर चिकटवलेला तारखांचा कागद बघा. शेवटचा शिक्का याच वर्षातला असेल तर कपाट हलतं आहे. २०११ नंतर शिक्काच नसेल तर काय ते समजा. संगणकावर नोंद होत असेल तर हा कागद नसतो. तेव्हा नवीन पुस्तकांचं कपाट कोणतं ते विचारा आणि त्यात यंदाचं काय आलंय ते पाहा. ‘ड’ हा सर्वांत खालचा वर्ग बघून मात्र हिरमुसू नका. खेड्यातल्या एका खोलीच्या वाचनालयात मला अशी पुस्तकं मिळाली आहेत, जी शहरात मागून थकले होते.

वेळही तेव्हाच विचारून ठेवा. बरीच वाचनालयं सकाळी आणि संध्याकाळी उघडी असतात, दुपारी बंद. आठवड्याची सुट्टी रविवारीच असेल असंही नाही.

सभासद व्हायला फॉर्म, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. पैसे तीन नावांनी जातात: प्रवेश फी, अनामत आणि वर्गणी. यातली अनामत परत मिळते, पण पावती असेल तरच. ती पावती लाइट बिलांच्या फाइलमध्ये लावा, पुस्तकात खूण म्हणून घालू नका. (मी घातली होती. ती पुस्तकाबरोबरच परत गेली.) मुळात वर्गणी का द्यायची, असं काहींना वाटतं. तमिळनाडू आणि कर्नाटकात मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर घेतात. आपल्या कायद्यात तो नाही. इथला गाडा सरकारी अनुदान, वर्गणी आणि देणग्यांवर चालतो, त्यामुळे वर्गणी थकवू नका. सहा महिन्यांची एकदम भरली की देवघेवीच्या टेबलावर ओशाळं व्हावं लागत नाही.

आता भांडणाचा मुद्दा. एका खात्यावर साधारण एक पुस्तक आणि एक मासिक मिळतं, आणि घरात वाचणारी माणसं पाच. आम्ही मुलांचं वेगळं बालसभासदत्व घेतलं, त्याची वर्गणी कमी असते. मोठ्यांच्या कार्डावर पाळी ठरवली: एका आठवड्याला सासरे, पुढच्या आठवड्याला मी. मासिक कायम सासूबाईंचं. वार ठरलेला हवा, नाहीतर पुस्तक टीव्हीखाली पडून राहतं आणि दंड चढतो. आमचा शनिवार आहे, भाजी आणायच्या वाटेवर. धाकटीला सोबत न्यायचं आणि तिचं पुस्तक तिला निवडू द्यायचं. तिने सलग चार वेळा तेच हत्तीचं पुस्तक आणलं तरी गप्प बसायचं. हे मला जड गेलं.

सासऱ्यांचं एक तंत्र खास आहे. वाचून झालेल्या पुस्तकाच्या एकविसाव्या पानाच्या कोपऱ्यात ते पेन्सिलीने बारीक टिंब देतात, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा घरी येत नाही. हे योग्य नाही हे त्यांना मान्य आहे. पण त्याच पानावर आणखी दोघांच्या खुणा निघाल्या, एक फुली आणि एक ‘कु’, तेव्हापासून ते निर्धास्त आहेत. तुम्ही मात्र वही ठेवा.

हवं ते पुस्तक कपाटात नसेल तर मागणी वहीत नाव लिहा. लोक लाजतात आणि मग इथे काही मिळत नाही म्हणून कुरकुरतात. खरेदीची यादी करताना ही वही उघडली जाते. संदर्भ विभागातले कोश घरी मिळत नाहीत, तिथेच बसून बघायचे. लेकाला दहावीत अभ्यासिका लागणार असेल तर जागेसाठी नाव आधीच घाला, परीक्षेच्या तोंडावर ती भरलेली असते.

दिवाळी अंकांची योजना चुकवू नका. ठरावीक रक्कम भरायची आणि पुढचे दोन-तीन महिने अंक बदलून न्यायचे. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासूनचं हे वेड, पण आज घरात चार अंक घेतले तरी खिसा हलका होतो. पहिल्या आठवड्यात नाव नोंदवा. उशिरा गेलात तर भविष्याचेच अंक उरतात.

जुनी, छपाईत नसलेली पुस्तकं हवी असतील तर जवळच्या जुन्या ग्रंथालयाचंही सभासद व्हा. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं. गोव्यात असाल तर पणजीला कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, त्याची सुरुवात १८३२ ची.

पावसाळ्यात पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच बाहेर काढा. एका जुलैत आमची कादंबरी कापडी पिशवीत भिजून फुगली. भरपाईला किंमत चालेना, तीच प्रत हवी म्हणाले. पुण्यात पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात तीन दुकानं फिरले तेव्हा मिळाली, तीही दुसऱ्या मुखपृष्ठाची. ग्रंथपालांनी ती उलटसुलट करून पाहिली, दाखल अंक (वाचनालयाच्या नोंदवहीतला क्रमांक) टाकला आणि म्हणाले, “भिजलेली तुम्हीच ठेवा आता.” ती अजून आमच्याकडे आहे. इस्त्री करूनही मिटत नाही.