विमान रद्द, पैसे गायब: करोनाकाळातल्या तिकिटाचा रिफंड कसा काढायचा

गेल्या महिन्यात परत एक फोन आला, सोसायटीतल्या काकांचा, की अरे तू ते विमानाचे पैसे काढून देतोस ना, माझं एक तिकीट अडकलंय. कधीचं? तर म्हणे २०२० चं! म्हटलं काका, इतकी वर्षं काय करत होता, तर एजंट 'येतील येतील' म्हणत होता म्हणून थांबलो.

मी वकील नाही, ट्रॅव्हलवाला पण नाही. लॉकडाऊनमध्ये स्वतःची चार तिकिटं अडकली, ती सोडवताना डोकं फिरलं, मग मावशीचं, मेव्हण्याचं, ऑफिसातल्या दोघांचं असं करत वीसेक पीएनआर हाताखालून गेले. त्या काळात व्हॉट्सअॅपवर जे सल्ले फिरत होते ना, 'ट्विटरवर टॅग करा लगेच देतात', 'कस्टमर केअरला रोज फोन करा', त्यातला एकही माझ्या कामी आला नाही. रोज फोन केल्याने त्यांचं होल्डवरचं संगीत पाठ होतं, बाकी काही नाही.

तिकीट, पैसे भरल्याचा पुरावा आणि विमान रद्द झाल्याचा मेल किंवा एसएमएस एका फोल्डरमध्ये टाका. हे काय सांगायचं, पुढे चला.

आधी तारखा बघा

तिकीट कधी काढलं आणि प्रवास कधीचा होता, या दोन तारखांवर सगळं ठरतं. देशातली विमानं २५ मार्च २०२० पासून बंद झाली आणि २५ मे ला परत सुरू झाली. यावर सुप्रीम कोर्टाचा १ ऑक्टोबर २०२० चा निकाल आहे, प्रवासी लीगल सेल विरुद्ध केंद्र सरकार. नाव लिहून ठेवा, मेलमध्ये टाकायला लागतं. त्यात साधारण असं ठरलं:

तिकीट लॉकडाऊनमध्येच काढलेलं, म्हणजे २५ मार्च ते २४ मे मध्ये, आणि प्रवासही त्याच काळातला, तर पूर्ण पैसे परत, लगेच. क्रेडिट वगैरे काही नाही.

तिकीट लॉकडाऊनच्या आधीचं पण प्रवास २४ मे पर्यंतचा (बहुतेकांचं हेच, मे महिन्याच्या सुट्टीचं), तर कंपनीने १५ दिवसांत पैसे द्यायचा प्रयत्न करायचा, आणि खरंच अडचणीत असेल तर तेवढ्याच रकमेचं क्रेडिट शेल, म्हणजे पैशांऐवजी त्याच कंपनीत पुढच्या तिकिटासाठी जमा ठेवलेली रक्कम, ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरायची. नाही वापरलं तर पैसे परत करायचेच.

प्रवास २४ मे २०२० नंतरचा, तर डीजीसीएचा (विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) नेहमीचा रिफंडचा नियम. आणि भारतातून निघणारं परदेशी कंपनीचं विमान असेल तर पूर्ण रिफंड.

आपलं तिकीट यातल्या कुठल्या खणात बसतं ते एका ओळीत लिहा, तीच तुमच्या प्रत्येक मेलची पहिली ओळ. मी बघितलंय, लोक दोन पानी मेल लिहितात, त्यात आईचं ऑपरेशन असतं, लॉकडाऊनमधले हाल असतात, पण प्रवासाची तारीखच नसते.

स्वतः कॅन्सल करू नका

हे आता २०२० साठी उशिराचं आहे, पण परत कधी विमानतळ बंद पडले तर उपयोगी पडेल. (मे २०२५ मध्ये उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ काही दिवस बंद होतेच की.) विमान रद्द होणार हे दिसत असलं तरी 'कॅन्सल' बटण आपण दाबायचं नाही, कंपनीला दाबू द्यायचं. आपण दाबलं की ते 'प्रवाशाने रद्द केलं' होतं आणि कॅन्सलेशन चार्ज कापला जातो. माझ्या मेव्हण्याने मार्च २०२० मध्ये घाबरून स्वतःच रद्द केलं, सात हजारातले अकराशे हातात आले आणि पुढे दोन दिवसांनी सगळी उड्डाणंच बंद झाली. तुम्ही पण असं केलं असेल तर निदान सरकारी टॅक्स आणि विमानतळाची यूडीएफसारखी फी तरी परत मिळायला हवी, नॉन-रिफंडेबल तिकीट असलं तरी, आणि हे त्या डीजीसीएच्या नियमात स्पष्ट लिहिलंय.

क्रेडिट शेलचं गाजर

माझं मत विचाराल तर पैसे मिळत असतील तर क्रेडिट घ्यायचं नाही, कितीही गोड बोलले तरी. ते घ्यायचं की नाही हा प्रवाशाचा हक्क आहे, कंपनीने परस्पर गळ्यात मारायचं नाही, असं डीजीसीएचा नियमच म्हणतो.

आता कोणी म्हणेल की कोर्टाने क्रेडिटवर वाढ पण दिली होती. दिली होती, ३० जून २०२० पर्यंत महिन्याला अर्धा टक्का आणि पुढे मार्च २०२१ पर्यंत पाऊण टक्का. समजा एप्रिलमध्ये २०,००० चं शेल झालं, तर मार्च २०२१ च्या शेवटी सगळी मिळून वाढ १,६५०. वाईट नाही. शेल दुसऱ्याच्या नावाने पण वापरता येत होतं, मावशीचं आम्ही भाचीला दिलं, ती बंगळुरूला नोकरीला गेली त्यावर.

पण क्रेडिट म्हणजे पैसे नव्हेत, कंपनी चालू आहे तोवरच त्याला किंमत. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट ३ मे २०२३ ला, आणि अशी कंपनी एकदा दिवाळखोरीत गेली की आधी बँका उभ्या असतात, आपण रांगेत पार मागे. सोळाशे रुपयांच्या वाढीसाठी तेवढी जोखीम कशाला.

कंपनीच्या साइटवरून काढलं असेल तर

साइटवर पीएनआर टाका, रिफंड मागा, सात-आठ दिवसांत कार्डावर येतात. झालं.

एजंटकडून किंवा बुकिंग अॅपवरून काढलं असेल तर

खरा घोळ इथे आहे, आणि मी पाच महिने इथेच घालवले.

आमची चार तिकिटं होती पुणे-दिल्ली, जायची-यायची, मे २०२० ची, पुढे मनालीला जायचं होतं. ओळखीच्या एजंटकडून काढलेली, ४१,६०० रुपये. विमान रद्द झाल्याचा एसएमएस आला, एजंट म्हणाला साहेब कंपनीने अजून दिले नाहीत, दिले की देतो. कंपनीला फोन केला तर म्हणे तुम्ही एजंटकडून बुक केलंय, त्यांच्याशी बोला. परत एजंट, परत कंपनी. तू तिकडे जा मी इकडे जातो. मी दोघांवर चिडायचो आणि दोघंही खरं बोलतायत असं समजायचो, ही माझी चूक.

गंमत अशी की एजंटकडून काढलेल्या तिकिटाचे पैसे कंपनी आपल्याला देतच नाही. एजंटचं कंपनीकडे एक खातं असतं, आधी पैसे भरून ठेवायचे आणि तिकीट काढलं की त्यातून वळते होतात, रिफंड पण तिथेच जमा होतो. म्हणजे 'पैसे आले का' या प्रश्नाला तीन वेगळी उत्तरं असू शकतात: कंपनीने अजून सोडलेच नाहीत, कंपनीने सोडले आणि एजंटच्या खात्यात पडून आहेत, किंवा एजंटच्या खात्यात आले आणि त्याने त्यातून दुसऱ्या कोणाचं तिकीट काढून टाकलं. पैसे कोणाच्या खिशात आहेत हे कळेपर्यंत भांडून काही उपयोग नाही, कारण आपण चुकीच्या माणसाशी भांडत असतो.

त्यामुळे 'माझे पैसे द्या' असा मेल करू नका, निदान पहिला तरी. कंपनीला एवढंच विचारा: या पीएनआरचा रिफंड केला का, केला असेल तर कोणत्या तारखेला, किती रकमेचा, आणि कोणाच्या खात्यात, हे लेखी कळवा. बास, चार प्रश्न. फोनवर नाही, चॅटवर चालेल पण चॅटचा स्क्रीनशॉट काढा, मेल सगळ्यात चांगला. पैसे मागितले की त्यांचं ठरलेलं उत्तर येतं, 'कृपया आपल्या ट्रॅव्हल एजंटशी संपर्क साधा'. माहिती मागितली की समोरच्याला स्क्रीनवर बघून उत्तर द्यावं लागतं, आणि त्याला पण ते द्यायला काही अडचण नसते कारण पैसे त्यांच्याकडून गेलेले असतात, उलट त्यांची सुटका होते.

मला हे पाच महिन्यांनी सुचलं, तेही चॅटवरच्या एका मुलीने सहज लिहिलं म्हणून, की रिफंड एजन्सीला १८ ऑगस्टलाच प्रोसेस झालाय. मी ऑक्टोबरमध्ये वाचतोय हे! तेच प्रिंट काढून एजंटच्या दुकानात गेलो. तो काही लबाड माणूस नव्हता, सहा महिने धंदा शून्य, दुकानाचं भाडं चालू, त्याने ते फिरवले होते. वाईट वाटलं, पण पैसे माझे होते. तीन हप्त्यांत दिले त्याने, शेवटचा जानेवारीत.

बुकिंग अॅपचं पण तसंच, फक्त तिथे माणूस दिसत नाही, 'एअरलाइनकडून रिफंड प्रलंबित' असं महिनोन्महिने दिसत राहतं. ऑफिसातल्या एकीचं सात महिने तसंच होतं. कंपनीचा तारीख-रकमेचा मेल आम्ही अॅपच्या ग्रीव्हन्स ऑफिसरला पाठवला आणि नवव्या दिवशी पैसे आले. हे असले अपवाद नाहीत बरं, जून २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने एका ऑनलाइन ट्रॅव्हल कंपनीला आदेश दिला तेव्हा तिच्याकडे करोनाकाळातल्या ४,८३७ बुकिंगांचे २ कोटी ५२ लाख अजून द्यायचे राहिले होते.

कंपनीने पैसे सोडलेच नसतील तर मात्र कंपनीलाच धरायचं, 'एजंटशी बोला' हे ऐकून घ्यायचं नाही. एजंट हा कंपनीने नेमलेला प्रतिनिधी, त्यामुळे रिफंडची जबाबदारी कंपनीची, हे डीजीसीएच्या नियमातच होतं, त्या वेळी ३० कामकाजाचे दिवस अशी मुदत होती. ही ओळ मेलमध्ये टाकली की उत्तराचा सूर बदलतो.

कन्व्हिनिअन्स फीसाठी भांडू नका, दोन-तीनशेसाठी बाकीची रक्कम लटकते.

'पाठवले' म्हणतात पण आलेच नाहीत

कार्ड बदललं असेल किंवा खातं बंद केलं असेल तर असं होतं. एआरएन नंबर (कार्डावरच्या रिफंडचा संदर्भ क्रमांक) मागा आणि तो घेऊन आपल्या बँकेत जा. यूपीआयने भरले असतील तर यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर.

तक्रार

कंपनीच्या साइटवर नोडल ऑफिसर (तक्रारी बघणारा अधिकारी) आणि त्याच्या वरच्या अपीलेट अथॉरिटीचा मेल असतो, आधी तिथे. मग सरकारचं एअरसेवा पोर्टल. अॅप किंवा एजंट विरुद्ध असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येतं. प्रत्येक ठिकाणी तोच फोल्डर, तीच पहिली ओळ. माझी बहुतेक प्रकरणं इथेच मिटली.

नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आता ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन पण होते. तक्रारीत कंपनी आणि एजंट दोघांनाही प्रतिवादी करा, नाहीतर जो नाही त्याच्यावर ढकलतात. मुदत दोन वर्षांची आहे. करोनामुळे सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता, पण तो धरूनही आता उशीर झालाय, म्हणजे सोबत विलंब माफीचा अर्ज जोडावा लागणार आणि कारण पटेल असं लागणार. 'एजंट येतील म्हणाला' हे तोंडी सांगून चालणार नाही, त्याचे मेसेज असतील तर ते जोडा. काकांकडे सुदैवाने आहेत, दर दिवाळीला एक, शुभेच्छांसकट.

अमेरिका-युरोपातले

तिकडून येणाऱ्यांचं सोपं आहे. अमेरिकेत विमान कंपनीनेच रद्द केलं तर पैसे परत, क्रेडिट बंधनकारक नाही, असं तिथल्या वाहतूक खात्याने ३ एप्रिल २०२० लाच बजावलं होतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी सहा कंपन्यांवर कारवाई केली त्यात एअर इंडिया पण होती, तिला १२ कोटी १५ लाख डॉलर रिफंड आणि वर १४ लाख डॉलर दंड. युरोपात सात दिवसांचा नियम आहे आणि व्हाउचर प्रवाशाने सही करून मान्य केलं तरच. तक्रार तिकडच्या खात्याकडे करा, इथे नको.

एक राहिलंच. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधून लावू नका, तिकिटावर असतो तोच घ्या. मावशीने शोधून लावला होता, पलीकडचा माणूस इतका गोड बोलला, रिफंड लगेच करतो ताई, फक्त हे एक अॅप डाउनलोड करा आणि त्यातला नऊ आकडी कोड सांगा. मोबाइलची स्क्रीन त्याला दिसणार होती त्याने. नशिबाने मावशीचा फोन फुल होता, अॅप बसलंच नाही, आणि ती मला ओरडली की आधी माझे फोटो डिलीट करून दे.