कॅस्मापोर्थेटिसबद्दल लिहिताय? या चुका टाळा

पहिली चूक चित्रातच होते. कॅस्मापोर्थेटिस या नामशेष तरसाच्या माहितीशेजारी आफ्रिकेतल्या ठिपकेवाल्या तरसाचा फोटो डकवला जातो: उतरती पाठ, जाड मान. कॅस्मापोर्थेटिसचे पाय लांब आणि सडपातळ होते, बांधा धावणाऱ्या शिकाऱ्याचा. आपल्या माळरानावरच्या पट्टेरी तरसाचा फोटोही चालणार नाही.

‘कुत्र्यासारखा दिसतो म्हणजे कुत्र्याचाच भाऊबंद’ हे तर सगळ्याच तरसांच्या माथी मारलं जातं. तरस मांजर-मुंगसांच्या बाजूचे.

‘तरस म्हणजे आफ्रिका-आशियाच’ हे विधान मात्र इथे साफ कोसळतं. जीवाश्मशास्त्रज्ञ ऑलिव्हर हे (Hay) यांनी १९२१ मध्ये ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) नोंदवली ती अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या जीवाश्मांवरून. अमेरिकेत पोहोचलेलं हे एकमेव ज्ञात तरस. सायबेरिया आणि अलास्का यांना जोडणाऱ्या बेरिंग भूपुलावरूनच ते आलं असणार, पण वाटेवरचा पुरावा बराच काळ हाती नव्हता. कॅनडाच्या युकॉनमध्ये १९७० च्या दशकात सापडलेले दोन दात संग्रहालयात पडून होते. ते याच तरसाचे असल्याचं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. वय साधारण १४ लाख ते साडेआठ लाख वर्षं. म्हणजे हा गडी आर्क्टिकच्या थंडीतही टिकला. युकॉनमध्ये नवं उत्खनन झालं असं लिहू नका; नवी होती ती ओळख.

आता दातांचं. ‘तरस म्हणजे हाडं फोडणारा’ म्हणून यालाही त्याच रांगेत बसवतात. याच्या दाढा तुलनेने अरुंद, मांस कापायला सोयीच्या. पण म्हणून थेट ‘तरसांमधला चित्ता’ म्हणून मोकळं होणं ही दुसऱ्या टोकाची चूक, आणि मला तीच जास्त खटकते. याच्याच युरोप-आशियातल्या लुनेन्सिस या जातीच्या कवटीचा संगणकीय अभ्यास २०११ मध्ये झाला. हाडं फोडताना येणारा ताण ती कवटी बऱ्यापैकी पेलू शकते, असं त्यात दिसलं. धावून शिकार करायची आणि हाडंही सोडायची नाहीत, असा दुहेरी कारभार शक्य आहे.

नावांचा घोळही सांभाळा. हायनोडॉन हा तरस नव्हेच, तो मांसभक्षकांच्या वेगळ्या, पूर्ण संपलेल्या गटातला. थोराड जबड्याचा पॅकिक्रोक्युटा मात्र खरा तरस, पण त्याची प्रजाती निराळी.

आणि अमेरिकेतल्या आदिमानवाच्या मागे हा तरस लागलेला दाखवू नका. माणूस तिथे पोहोचण्याच्या लाखो वर्षं आधीच तो संपला होता.